डावा राहिलाय

आईने वाटीत तेल कोमट करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मामांना नेऊन दे. म्हणावं, दिवसभर बसमध्ये बसून आलात, पाय चोळून देते. आणि नुसती वाटी ठेवून पळून येऊ नकोस. बस जरा त्यांच्याजवळ. बोल काहीतरी."

बोलणं मला जमत नाही हे आईला माहीत आहे. म्हणूनच ती मला अशा कामांना पाठवते.

मामा म्हणजे आईचे मामा. आम्ही त्यांना बूटआजोबा म्हणतो, कारण त्यांचं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलं. ते कुणाच्याही चेहऱ्याकडे आधी बघत नाहीत. आधी पाय बघतात, आणि पाय पसंत पडले नाहीत तर नजर चेहऱ्यापर्यंत येतच नाही. संध्याकाळी त्यांची बॅग मी आत आणली होती. बॅगेच्या तळाला बशीएवढा तेलाचा डाग होता. मला वाटलं, बाटली सांडली असेल. पण विचारलं नाही.

मागच्या खोलीत आजोबा पलंगावर बसले होते. दादा खाली गादीवर मोबाइल बघत लोळत होता. धाकटा चिकू पांघरुणातून फक्त डोळे बाहेर काढून पडला होता.

"आजोबा, पाय," मी म्हटलं. एवढंच मला सुचलं.

त्यांनी वाटी पाहिली आणि दोन्ही पाय झटकन मांडीखाली ओढून घेतले. त्यांच्या वयाच्या माणसाला इतकं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं.

"ठेव ते बाहेर. दाराच्या पलीकडे."

"आईने सांगितलंय..."

"आईला सांग, मामाच्या पायांवर मामा चाललाय, त्यांचं काय करायचं ते मामाच बघेल. आणि पोरी, तूही ऐकून ठेव. चपलेत घालायची वस्तू कुणी उशीवर ठेवून तुझ्यापुढे केली ना, तर तिथून उठून जायचं. 'येते' म्हणायलासुद्धा थांबायचं नाही."

दादाला हसू आलं. "आजोबा, तळव्यांना तेल लावलं की झोप छान लागते. सगळेच लावतात."

"लाव की मग. तुला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, गाठ घालून दे त्यांची. आई लेकराला लावते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आजाऱ्याला कुणी मायेने लावतं, त्याबद्दलही नाही. मी साहेबाबद्दल बोलतोय."

"कोण साहेब?"

मी वाटी दाराबाहेर फरशीवर ठेवली आणि चिकूच्या पायथ्याशी येऊन बसले. दादा दिवा घालवायला उठला. भुताची गोष्ट निघाली की तो आधी दिवा घालवतो.

"राहू दे दिवा," आजोबा म्हणाले. "अंधारात कुणालाही काहीही दिसतं. मी पाहिलं ते लख्ख उजेडात पाहिलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. म्हणजे यापुढचा 'मी' बूटआजोबांचा.

*

माझं दुकान होतं त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साहेब राहायचे. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. खुर्ची गेली होती, पण बसायची ढब गेली नव्हती. दुकानात आले की नमस्कार नाही, काही नाही. बाकावर बसायचे आणि पाय पुढे करायचे. बूट मी काढायचा, मोजा मी काढायचा, आणि पाय ते माझ्या गुडघ्यावर ठेवायचे. नाव त्यांनी माझं कधी विचारलं नाही. "ए बूटवाल्या," बस्स.

मी सगळ्या तऱ्हेचे पाय पाहिलेत. भेगा पडलेले, नखं गेलेले, उभं राहून राहून पसरलेले. त्या प्रत्येक पायाला मी मनातल्या मनात मान दिलाय. साहेबाचा पाय मात्र... पाय कसला, लाडावलेला बोका होता तो. गुलाबी, गुबगुबीत, लोण्यासारखा. आयुष्यात काही केलेलं नाही, असं त्या तळव्यावर कुणालाही वाचता आलं असतं.

कारण रोज रात्री त्यांची बायको त्या पायांना तेल लावायची. हौसेने नव्हे रे. हुकमाने. स्वयंपाकघर आवरलं की वाटीत तेल कोमट करायचं, पायांखाली उशी द्यायची, आधी उजवा, मग डावा. वहिनी विचारायच्या, "पुरे का?" साहेब डोळे मिटून म्हणायचे, "कर अजून." साहेबाचा डोळा लागला असं वाटून त्यांनी हात उचलला की साहेबाचे डोळे उघडलेच. "कर अजून." सगळ्या संसारात तो माणूस एकदाही 'पुरे' म्हणाला नाही.

वहिनी एकदा सँडल घ्यायला आल्या, तेव्हा त्यांना पट्टा लावता येईना. दोन्ही अंगठे पेरात वाकडे झाले होते. बाहेरच्या बाजूला, असे. पट्टा मी लावला. त्या लाजल्या, हात पदरात घेतले आणि म्हणाल्या, "या हातांचं झालं ते झालं, भाऊ. माझ्या पोरीचे हात मी कुणाच्या पायांना लागू द्यायची नाही."

पोर एकच. चष्म्याचे नंबर काढायचं शिकत होती. तिच्या शिक्षणासाठी वहिनींनी साहेबाशी कितीदा अबोला धरला, किती वेळा जेवणाचं ताट तसंच सारलं, ते मला जिन्यावरून कळायचं. साहेबाचं म्हणणं एकच. "लोकांच्या डोळ्यांत बघायला हिला कशाला पाठवायचं? घरात काय कमी माणसं आहेत?" घरात माणसं तीन. त्यातलं एक पाय वर करून पडलेलं.

मग एका रात्री वहिनी गेल्या. कशा गेल्या ते मला नंतर मुलीने सांगितलं, कारण ती दारातच उभी होती. उजवा पाय झाला होता. वहिनींनी वाटी खाली ठेवली, म्हणाल्या, "जरा छातीत दुखतंय हो." साहेब डोळे न उघडता म्हणाले, "डावा राहिलाय. तेवढा आटप आणि मग जाऊन पड."

त्यांनी डाव्या पायाला हात लावला. आणि त्यांचं डोकं हळूहळू खाली आलं. साहेबाच्या पायावरच टेकलं.

साहेबाने काय केलं असेल?

पाय हलवून म्हणाले, "झोपतेस काय?"

*

चिकूने विचारलं, "मग?"

"मग काय? मेल्या होत्या त्या."

दादाने मोबाइल उलटा करून ठेवला. आजोबांनी पाणी पिऊन तांब्या जागेवर ठेवला आणि ते पुढे बोलू लागले.

*

लोक भेटायला आले, तर साहेब प्रत्येकाला सांगत होते, "अर्धवट टाकून गेली. डावा राहिला माझा." एकदोघांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झालेत. मला तसं वाटलं नाही. मी त्यांचा पाय ओळखत होतो.

तिसऱ्याच रात्री त्यांनी पोरीला बोलावलं. वाटी तीच, उशी तीच. आईचे दिवस अजून झाले नव्हते, पण तिने केलं. काय करेल बिचारी! उजवा झाला आणि ती डाव्याकडे वळली, तर डावा आधीच तेलाने माखलेला. चकचकीत, गरम. तिला वाटलं, बाबांनी स्वतः लावलं असेल. साहेबाला वाटलं, पोरीने लावलं. पुढच्या रात्री तेच. त्याच्या पुढच्या रात्रीही तेच. मग दोघांनाही कळलं.

एखादा माणूस घाबरला असता. एखादा रडला असता, तिच्या फोटोपुढे हात जोडून माफी मागितली असती. साहेब खूश झाले. हो, खूश! दुकानात येऊन बाकावर बसून चार गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, "माझी बायको मेली तरी काम चुकवत नाही. याला म्हणतात वळण. तुमच्या बायका जिवंत असून चहासुद्धा वेळेवर देत नाहीत." लोक हसायचे. म्हातारा चळला, म्हणायचे. साहेबाला वाटायचं, विनोदाला हसतायत.

एक दिवस आले आणि बूट माझ्या अंगावर फेकला. "असला माल विकतोस? डावा सैल झालाय." मी आत एक सुखतळा घातला. बुटाच्या आतली पट्टी, पाय घट्ट बसावा म्हणून घालतात ती. महिन्याभराने पुन्हा आले. दुसरा सुखतळा. पावसाळा संपता संपता तिसऱ्यांदा आले, तेव्हा मी माप घ्यायची लाकडी पट्टी काढली. उजवा नऊ नंबर. डावा सात.

मी म्हटलं, "साहेब, पाय लहान झालाय."

"तुझी पट्टी चुकीची आहे."

"उजव्याला कशी बरोबर आहे मग?"

"मला मोजणी शिकवतोस? मी अख्खे तालुके मोजलेत!"

मोजलेच होते. कुणाच्या कुंपणाची काठी कुठे सरकवायची ते त्यांना बरोबर कळायचं. पण स्वतःचा पाय मोजवेना. शेवटी दोन जोड घेतले, एक नऊचा, एक सातचा, आणि उरलेला एकेक बूट माझ्याकडे सारून म्हणाले, "ठेव, विक कुणाला तरी." असा माणूस.

मी तेव्हा त्या डाव्या तळव्याकडे नीट पाहिलं. गुळगुळीत होता. तळव्यावर रेघा असतात ना, वळ्या असतात... काही नव्हतं. आंघोळीचा साबण वापरून वापरून झिजतो, तसा.

*

"डायबेटिस असेल," दादा म्हणाला. पण हळू आवाजात.

"असेल की. डॉक्टरही काहीतरी लांबलचक नाव घेत होते. मांस झडतं म्हणाले. मी म्हटलं, बरं. हाड झडतं का, तेवढं सांगा. तर माझ्याकडे बघत बसले. तूही बघ हवं तर."

दादा बघत नव्हता. तो स्वतःच्या पायांवर पांघरूण ओढत होता. मला ते दिसलं.

*

त्याच सुमाराला पोरीला नोकरी लागली. लांबच्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिने बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "जा की. फक्त माझा उजवा पाय कोण करणार तेवढं सांगून जा."

ती भांडी घासायला निघून गेली. पण साहेबाला मोजणी येत होती, पोरगी किती अंतरावर पोचलीय ते त्याने ओळखलं. शनिवारी संध्याकाळी तिची चप्पल, सँडल, बूट, सगळं गोळा केलं आणि कपाटात कोंडलं. बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप घातलं. आणि किल्ली? किल्ली ठेवली पायांखालच्या उशीत. म्हणजे तिला हात लावायचा तर आधी पायांना हात लावायला हवा. बापाचं डोकं बघा कुठे चालतं!

तो नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. पोरीने दुकानात फोन केला. अगदी हळू बोलत होती. "काका, सहा नंबरचे साधे काळे बूट हवेत. दुकान बंद केलं की वर आणून द्याल? बाबा झोपले की किल्ली काढेन. पहाटे पावणेपाचची बस आहे."

साडेदहाला मी शटर ओढलं, बूट कागदात गुंडाळले आणि जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर दिवा होता. जाळीच्या दारातून समोरची खोली दिसायची, तिच्या पलीकडे साहेबाच्या झोपायच्या खोलीचं दार, आणि त्या दारातून पलंगाचा पायथा. बाकीचा पलंग भिंतीआड. म्हणजे मला साहेब दिसत नव्हते. साहेबाचे पाय दिसत होते. उशीवर. दिव्याखाली.

पोरगी अनवाणी आली. बूट आडवा धरला की जाळीतून जातो. एक दिला. दुसरा देत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आहे?"

पोरीने बूट पाठीमागे लपवले.

"कोण? बूटवाला का? थांब, थांब. जाऊ नकोस. तुझी पट्टी खोटी म्हणत होतो ना मी? आज बघून जा. माझ्या घरात काय वळण आहे ते बघून जा. ए पोरी! ये इकडे. उजवा घे."

मी म्हटलं, "साहेब, रात्र झालीय, येतो मी."

"उभा राहा म्हटलं ना!"

मी उभा राहिलो. साहेबाचा दरारा म्हणून नव्हे. त्या पोरीने वळून माझ्याकडे पाहिलं, म्हणून.

तिने बूट जाळीजवळ भिंतीला टेकवून ठेवले. आत गेली. माझ्याकडे पाठ करून पायथ्याशी बसली, वाटीत बोटं बुडवली आणि उजव्या पायाला हात लावला.

"थंड तेल!" साहेब ओरडले. "तुझी आई कधी थंड तेल लावत नसे. बघ, बघ, ती आलीच. शीक जरा."

डाव्या पायापाशी कुणी नव्हतं.

पोरीचे दोन्ही हात उजव्यावर होते. मला दिसत होते.

आणि डाव्या तळव्यात खळगा पडला. अंगठा रुतवल्यावर पडतो तसा. टाचेपाशी पडला. वर सरकला. हळूहळू. चवड्यापर्यंत गेला. मग पायाची बोटं मागे वाकली. एकेक. करंगळी... तिच्या शेजारचं... तिच्या शेजारचं...

तो खळगा सरळ नव्हता. बाहेरच्या बाजूला वाकडा होता.

मी त्या अंगठ्यांना सँडलचा पट्टा लावून दिला होता.

"पाहिलंस ना, बूटवाल्या?" साहेब आतून हसत होते. "मेलेली कामाला येते, आणि ही जिवंत पळून जायला निघालीय. मला कळत नाही वाटतं? पण जाशील कुठे? अनवाणी?"

पोरगी थांबली.

तिने हात उचलले. पदर नव्हता, म्हणून ओढणीला पुसले. नीट पुसले, एकेक बोट.

"थांबलीस का? कर अजून."

ती उठली. तिचा आवाज मला ऐकू आला. मोठा नव्हता, चिडलेला नव्हता. आपण घरात कुणाला एखादं काम सांगतो ना, तसा.

"आई... उजवा पण तूच घे."

मग काही नाही.

काहीच नाही.

मग उजव्या टाचेत खळगा पडला.

साहेब इतके हसले की उशी हलली. "दोन्ही! वा! वा! दोन्ही एकदम!" मग नुसते 'हं... हं...' करत राहिले. पायांची बोटं मागे वाकत होती. दहाच्या दहा. एका लयीत. पोरगी दारात उभी होती, तशीच.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून आवाज आला.

"पुरे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पुरे आता."

खळगे सरकत होते. टाचेपासून वर. टाचेपासून वर.

"अगं, पुरे... पुरे म्हटलं ना..."

साहेबाने पाय आखडून घ्यायला बघितलं. घेता येईनात. कुणीतरी घोट्याला धरावं, तसे ते उशीवर दाबलेले होते. त्यांनी लाथ झाडली. पाय जागचे हलले नाहीत. उशी मात्र घसरली. जमिनीवर पडली. अभ्र्यातून किल्ली बाहेर आली आणि फरशीवर वाजली.

पोरगी वाकली. किल्ली उचलली.

पायांखाली उशी नव्हती. पाय तरी तिथेच होते... तेवढ्याच उंचीवर.

"ए... कुठे चाललीस... हिला सांग... पुरे म्हणून सांग हिला..."

ती दारात क्षणभर थांबली. मला वाटलं, आता वळेल. ती म्हणाली, "आई, येते मी."

कुलूप काढलं. बूट उचलले. जाळीचं दार आमच्यामागे लोटलं. जिन्यात बसून तिने बूट घातले. नाड्या तिने स्वतः बांधल्या.

वरून आवाज येत होता. पुरे... पुरे... पुरे...

बसस्टँडवर पहाटेपर्यंत मी तिच्याजवळ बसलो. बस लागली तेव्हा ती म्हणाली, "काका, आईचे हात ओळखलेत ना?" मी मान हलवली. बस गेली.

*

"आणि साहेब?" हे मी विचारलं. दादाने आणि चिकूने वळून माझ्याकडे पाहिलं, कारण मी सहसा काही विचारत नाही.

आजोबा माझ्याकडे बघून थोडे हसले. हसणं चांगलं नव्हतं.

"साहेबाला काय होतंय? साहेब जगले. सकाळी शेजाऱ्यांना घेऊन मी वर गेलो, तर पलंगावर बसले होते. दोन्ही तळवे गुळगुळीत, घासलेल्या ताटलीसारखे. मला बघून म्हणाले, 'ए बूटवाल्या, हिला सांग ना, पुरे.' मी म्हटलं, 'साहेब, मी बूट विकतो. घरातल्या बाईमाणसाला मी काय सांगणार?'

"पुढे बाई ठेवली त्यांनी, वरचं काम करायला. ती आठवड्यात गेली. म्हणाली, रात्री म्हातारा झोपेत पुरे पुरे करतो आणि सकाळी चादर तेलाने भिजलेली असते. दुसरी ठेवली, तीही गेली. चालणं तर बंदच झालं होतं. पण बूट लागायचेच त्यांना. लोकांना दिसायला नको ना! माणूस पाठवून मागवायचे. सात नंबर. मग पाच. मग लहान मुलांचे नंबर सुरू झाले. शेवटचा जोड मी दिला तो पहिलीतल्या पोराचा, पट्ट्याचा. तोही सैल होतो म्हणून निरोप आला. मी म्हटलं, याहून लहान बूट दुकानात नाही. याहून लहान ज्यांचे पाय असतात त्यांना आया उचलून घेतात.

"दोन हिवाळे काढले असे. मग गेले. पोचवायला आम्ही सहाजण होतो, तेही इमारतीतले, नाइलाजाने आलेले. पोरगी आली होती. तेच काळे बूट पायात, दोनदा टाचा बदललेले. घर रिकामं करून परत जाताना दुकानात आली आणि मला एक पुडकं दिलं. म्हणाली, 'काका, हा त्यांचा डावा बूट. फेकून दिला तर परत दारात येतो. तुम्ही ठेवाल? फक्त रोज पुसावा लागतो.'"

"म्हणजे?" दादाने विचारलं.

आजोबांनी पलंगाखालून बॅग ओढली. आतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं. कागद तेलाने इतका भिजला होता की त्यातून पलीकडची अक्षरं दिसत होती. त्यांनी तो सोडला.

लहान मुलाचा काळा पट्ट्याचा बूट. एकच. डावा. त्याचा तळ अगदी स्वच्छ होता, जमिनीला कधी लागलाच नव्हता.

"सकाळी निघताना पुसलाय," आजोबा म्हणाले.

दादा ओठ वाकडे करून म्हणाला, "तुम्हीच ओतलं असेल आजोबा. आम्हाला घाबरवायला."

"घाल की बोट आत. कॉलेजात शिकतोस ना?"

दादाने हात पुढे केला. मग परत घेतला. "उद्या बघतो," म्हणाला आणि मोबाइल शोधू लागला. तो त्याच्या हाताजवळच होता. चिकूने डोळेसुद्धा पांघरुणात घेतले.

आजोबांनी बूट माझ्यापुढे धरला. मी उजव्या हाताचं बोट आत घातलं, टाचेपासून पुढे नेलं आणि बाहेर काढलं. बोट तेलाने ओलं झालं होतं.

आजोबांनी बूट नव्या कागदात गुंडाळला. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जा, झोप आता. दिवा राहू दे."

दाराबाहेर आईची वाटी तशीच होती. ती स्वयंपाकघरात न्यायची म्हणून मी उचलली, आणि कळावं म्हणून डाव्या हाताचं बोट तिच्यात बुडवलं.

वाटीतलं तेल केव्हाच गार झालं होतं. उजव्या बोटावरचं अजून कोमट होतं.